घासूनही बाथरूम पुन्हा पुन्हा कळकट का होते? आधी ओल शोधा, मग रूप बदला

सुट्टीच्या दिवशी तासभर खपून बाथरूम लख्ख करावे आणि पंधरा दिवसांच्या आत टाइल्सच्या सांध्यांत तोच काळपटपणा, नळावर तोच पांढरा थर आणि दार उघडताच तोच कुबट वास परत यावा, हा अनुभव इतका सर्रास येतो की पुष्कळ लोक त्याला समस्या मानणेच सोडून देतात. मग एक दिवस वैताग अनावर होतो आणि टाइल्स बदलाव्यात, नाहीतर निदान रंग द्यावा, असे बेत सुरू होतात. प्रस्तुत टिपण त्या टप्प्यावर आलेल्यांसाठी आहे. माझे म्हणणे एवढेच की नवी वस्तू आणण्याआधी वापरानंतर बाथरूममधले पाणी नेमके कुठे आणि किती वेळ राहते, हे शोधावे. कारण बाथरूम जुनाट दिसण्याची बहुतेक कारणे वयाची नसून ओलीची असतात, आणि ओल तशीच राहिली तर नव्या टाइल्सही दोन-तीन वर्षांत जुन्यांच्याच वाटेने जातात.

पहिली तपासणी: अंघोळीनंतर एक तासाने

दिवसातली शेवटची अंघोळ झाल्यावर एक तास थांबावे आणि मग बॅटरी घेऊन आत जावे. बॅटरीचा उजेड समोरून न टाकता भिंतीला आणि जमिनीला जवळजवळ समांतर, तिरका टाकावा. समोरच्या उजेडात न दिसणारे पाण्याचे थेंब, साबणाचा पातळ थर, फुगलेला रंग आणि उखडू लागलेले सांधे तिरक्या उजेडात सावली टाकतात आणि लगेच कळतात.

येथे तीन वेगवेगळी चित्रे दिसू शकतात. छत आणि सगळ्या भिंती सारख्याच दमट असतील, तर हवेतली वाफ बाहेर जात नाही. भिंती कोरड्या पण जमिनीवर एखाद्याच ठिकाणी डबके असेल, तर उतार चुकलेला आहे किंवा मोरीच्या जाळीखाली कचरा अडकला आहे. बाकी सगळे कोरडे आणि एकाच जागी ओलसर पट्टा असेल, विशेषतः तो नळाच्या वर-खाली किंवा कमोडच्या बुडाशी असेल, तर गळतीचा संशय घ्यावा. या तिन्हींचे उपाय एकमेकांच्या उपयोगाचे नाहीत. वाफेच्या समस्येवर जलरोधक रसायन फासून किंवा गळतीच्या समस्येवर पंखा बसवून काहीही साधत नाही, आणि पैसे वाया जातात ते बहुधा इथेच.

एकच डाग असेल आणि तो वाफेचा की भिंतीतून येणाऱ्या ओलीचा हे कळत नसेल, तर एक जुनी चाचणी उपयोगी पडते. रंगवलेल्या भिंतीचा तो भाग पुसून कोरडा करावा, त्यावर साधारण 45 सेंटिमीटर लांबी-रुंदीचा पातळ, पारदर्शक प्लास्टिकचा तुकडा चारही बाजूंनी चिकटपट्टीने हवाबंद लावावा आणि दुसऱ्या दिवशी पाहावे. प्लास्टिकच्या बाहेरच्या बाजूला पाणी जमले असेल तर ते खोलीतल्या हवेतले आहे. भिंतीकडच्या बाजूला जमले असेल तर ओल भिंतीतून येत आहे. टाइल लावलेल्या भागावर ही चाचणी भरवशाची नाही, म्हणून ती टाइल्सच्या वरच्या पट्ट्यात किंवा त्याच भिंतीच्या पलीकडच्या खोलीत करावी.

सांध्यांतला काळपटपणा परत का येतो

काळे ठिपके म्हणजे बुरशी, आणि बुरशीचे बीजाणू घरातल्या हवेत सदैव असतात. त्यांना हाकलून देणे कोणालाही शक्य नाही. साबणाचा थर, त्वचेचे कण आणि धूळ हे त्यांचे अन्नही बाथरूममध्ये कायम असते. त्यामुळे आपल्या हातात उरते ती एकच गोष्ट, म्हणजे पृष्ठभाग किती वेळ ओला राहतो. घरातली सापेक्ष आर्द्रता 60 टक्क्यांच्या खाली ठेवावी असे सर्वसाधारणपणे सांगितले जाते. अंघोळीच्या वेळी ती त्याहून कितीतरी वर जाणारच. प्रश्न आहे तो ती परत खाली यायला किती वेळ लागतो याचा.

एक्झॉस्ट पंखा असेल तर तो फिरतो आहे एवढ्यावर समाधान मानू नये. पंखा चालू करून जाळीवर पातळ कागद धरावा. कागद स्वतःहून चिकटून राहिला पाहिजे. खाली पडत असेल तर आधी पाती आणि जाळी धुवावी, कारण दमट हवेतली धूळ त्यांच्यावर घट्ट थर धरते. पंख्यामागची उघडझाप करणारी झडप अडकलेली असणे हेही नेहमीचे कारण आहे. तरीही ओढ येत नसेल तर दार पूर्ण उघडून कागद पुन्हा धरावा. आता कागद चिकटला, तर दोष पंख्याचा नसून हवा आत यायला वाट नसण्याचा आहे. जितकी हवा बाहेर काढायची तितकी आत यायलाच हवी. दाराखाली एक ते दोन सेंटिमीटरची फट नसेल तर चांगला पंखासुद्धा नुसता आवाज करत राहतो. दाराखालचा थोडा भाग तासून घेणे हा माझ्या मते बाथरूमच्या सुधारणांतला सर्वांत दुर्लक्षित आणि सर्वांत स्वस्त उपाय आहे.

नवा पंखा घ्यायचा असेल तर आकाराचा हिशेब सोपा आहे. लांबी, रुंदी आणि उंची यांचा गुणाकार करून येणारे घनफळ तासाला आठ वेळा बदलले जावे, असा ढोबळ नियम धरतात. 2.4 मीटर लांब, 1.5 मीटर रुंद आणि 2.7 मीटर उंच बाथरूमचे घनफळ सुमारे 10 घनमीटर होते, म्हणजे तासाला 80 घनमीटर हवा ओढणारा पंखा किमान हवा. हवा लांब नळीतून बाहेर जाणार असेल, तर वळणांमुळे ओढ घटते हे गृहीत धरून थोडा मोठा पंखा घ्यावा. हवा थेट इमारतीबाहेर सोडणे मात्र आवश्यक आहे. खोट्या छताच्या पोकळीत सोडलेली वाफ तिथेच थंड होऊन पाणी बनते आणि काही महिन्यांनी छतावर पिवळ्या डागाच्या रूपाने दर्शन देते. अंघोळीच्या आधी पंखा लावून नंतर किमान वीस मिनिटे चालू ठेवावा. लोक तो अंघोळ संपताच बंद करतात, वास्तविक त्याचे खरे काम तेव्हा सुरू होते.

पंखा नसेल, किंवा असूनही अपुरा असेल, तर काच पुसायचा रबरी वायपर पंख्याच्या तोडीचे काम करतो. भिंतीवरचे थेंब वाळवण्यासाठी त्यांची आधी वाफ व्हावी लागते आणि मग ती वाफ बाहेर काढावी लागते. वायपरने तेच पाणी एका मिनिटात थेट मोरीत जाते. वरून खाली आणि मग जमिनीवरून जाळीकडे, असा क्रम ठेवला की सवय अंगवळणी पडते. बाथरूमसाठी एकच सवय लावून घ्यायची असेल तर ती ही लावावी, असे मी खात्रीने सांगेन.

सांधे साफ करताना होणारी चूक

टाइल्सच्या सांध्यांत भरलेले नेहमीचे ग्राउट सिमेंटचे असते, आणि सिमेंट सच्छिद्र असते. अनेक जण काळे सांधे पाहून कमोड धुण्याचे अ‍ॅसिड त्यावर ओततात. सांधे त्या दिवशी पांढरे दिसतात यात शंका नाही, कारण अ‍ॅसिडने सिमेंटचा वरचा थरच विरघळून गेलेला असतो. खाली उरलेला पृष्ठभाग आधीपेक्षा खडबडीत आणि अधिक पाणी शोषणारा होतो. पुढच्या वेळी बुरशी लवकर धरते, मग पुन्हा अ‍ॅसिड येते, आणि काही वर्षांत सांध्यातले ग्राउट खोल जाऊन पाणी टाइल्सच्या मागे शिरू लागते. म्हणजे परत परत येणाऱ्या काळपटपणाचे कारण अनेक घरांत सफाईच असते. याच अ‍ॅसिडची वाफ नळांची चकाकी मारते आणि कड्या-बिजागऱ्यांना गंज आणते, हे वेगळेच.

योग्य क्रम असा. आधी भांडी घासण्याच्या द्रावणाने आणि कोमट पाण्याने साबणाचा चिकट थर काढावा, कारण तो थर असेपर्यंत पुढचे कोणतेही औषध सांध्यापर्यंत पोहोचत नाही. नंतर ऑक्सिजन ब्लीच, म्हणजे सोडियम परकार्बोनेटची पूड, कोमट पाण्यात कालवून सांध्यांवर लावावी, दहा-पंधरा मिनिटे ओली राहू द्यावी आणि नायलॉनच्या ब्रशने घासून भरपूर पाण्याने धुवावी. तारेचा ब्रश वापरू नये. साधे क्लोरीन ब्लीच काळा रंग लगेच घालवते म्हणून लोकांना आवडते, परंतु रंग जाणे आणि ओल जाणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सांधा आतून ओला राहत असेल तर ठिपके त्याच जागी परत येतात.

एक इशारा येथे दिलाच पाहिजे. क्लोरीन ब्लीच आणि कोणतेही अ‍ॅसिड, मग ते कमोडचे असो किंवा व्हिनेगर, एकत्र आले की विषारी क्लोरीन वायू सुटतो. ब्लीच आणि अमोनिया असलेला काचेचा क्लीनर एकत्र आले तर क्लोरामाइन वायू तयार होतात. हे मुद्दाम कोणी मिसळत नाही. एक लावून नीट न धुता त्यावर दुसरे लावले जाते, आणि बंद, लहान खोलीत तेवढे पुरते. एका दिवशी एकच रसायन वापरावे आणि दार-खिडकी उघडी ठेवावी.

सांधे स्वच्छ झाल्यावर एक-दोन दिवस पूर्ण वाळू द्यावेत आणि मग पाण्याचा एक थेंब ठेवून पाहावा. थेंब मोत्यासारखा उभा राहिला तर सांध्यावर संरक्षक लेप शाबूत आहे. थेंब शोषला जाऊन डाग गडद झाला, तर ग्राउटमध्ये मुरणारा सीलर, म्हणजे पाणी शोषू न देणारे द्रावण, लावावा आणि टाइलवर सांडलेला भाग वाळण्याआधी पुसून घ्यावा, नाहीतर टाइलवर ढगाळ चट्टे राहतात. सिमेंटऐवजी राळेचे, म्हणजे इपॉक्सी ग्राउट असेल तर याची गरज पडत नाही.

जिथे ग्राउट भुगा होऊन पडत आहे तिथे सीलरचा उपयोग नाही. ते नव्याने भरावे लागते. जुन्याच्या वर पातळ थर लिंपला तर तो पापुद्र्यासारखा निघून येतो. टाइलच्या जाडीच्या निदान निम्म्या ते दोन-तृतीयांश खोलीपर्यंत जुने ग्राउट खरवडून काढावे, धूळ झाडावी आणि मग नवे दाबून भरावे. सांधा 3 मिलिमीटरपेक्षा अरुंद असेल तर वाळूविरहित, रुंद असेल तर वाळूमिश्रित ग्राउट घेण्याची पद्धत आहे. पाकिटावर सांगितलेल्या वेळेआधी त्यावर पाणी पडू देऊ नये, आणि अडचण खरी इथेच येते, कारण घरात बाथरूम एकच असते. शेजाऱ्यांशी किंवा नातेवाइकांशी आधी बोलून ठेवणे हा या कामाचा तांत्रिक नसला तरी महत्त्वाचा भाग आहे.

कोपऱ्यातले सिलिकॉन

भिंत आणि जमीन जिथे मिळतात, किंवा दोन भिंतींचा कोपरा, किंवा बेसिनची मागची कड, या जागी सिमेंटचे ग्राउट टिकत नाही. दोन्ही पृष्ठभाग तापमानाने आणि वजनाने किंचित वेगवेगळे हलतात आणि कडक ग्राउटला केसाएवढी भेग पडते. तिथे लवचीक सिलिकॉनच हवे. हे सिलिकॉन काळे पडले की लोक ते घासत बसतात. पृष्ठभागावरची बुरशी घासून जाते, पण डाग सिलिकॉनच्या आत उतरलेला किंवा मागच्या बाजूने दिसत असेल तर ते कापून काढण्यावाचून गत्यंतर नाही.

मी स्वतः एकदा आळसाने जुन्या सिलिकॉनवरच नवे ओढले होते. पहिल्या आठवड्यात ते देखणे दिसले आणि दोन महिन्यांत पट्टीसारखे सोलून हातात आले, कारण नवे सिलिकॉन वाळलेल्या जुन्या सिलिकॉनला नीट चिकटतच नाही. तेव्हापासून क्रम मोडत नाही: धारदार पात्याने जुने पूर्ण काढायचे, उरलेली चिकट पुसट रेघ स्पिरिटने पुसायची, खाच एक दिवस वाळू द्यायची, दोन्ही बाजूंना कागदी चिकटपट्टी लावायची, एकसलग धार सोडायची, ओल्या बोटाने एकदाच सफाईने दाबायची आणि सिलिकॉनवर साय धरण्याआधी पट्ट्या उचलायच्या. पुढचे 24 तास पाणी नाही. बाथटबच्या कडेला काम असेल तर आधी टब पाण्याने भरून घ्यावा आणि सिलिकॉन वाळेपर्यंत तसाच ठेवावा; वजनाने टब खाली बसतो आणि सांधा जितका उघडायचा तितका आधीच उघडतो. वाळताना व्हिनेगरसारखा वास देणारे सिलिकॉन संगमरवराजवळ वापरू नये. तिथे न्यूट्रल प्रकारचे घ्यावे.

सांध्यांवर किंवा साबणदाणीखाली काळ्याऐवजी गुलाबी-नारिंगी बुळबुळीत थर दिसला, तर ती बुरशी नव्हे. तो बहुधा सेरॅशिया मार्सेसेन्स नावाच्या जिवाणूचा थर असतो, जो साबण-शाम्पूच्या अवशेषांवर वाढतो. घासून, निर्जंतुक करून, ती जागा कोरडी ठेवली की तो आटोक्यात राहतो.

पांढरे थर: दोन प्रकार, दोन उपाय

नळांवर आणि काचेवर दिसणारे सगळे पांढरे डाग लोक एकाच नावाने ओळखतात, आणि त्यामुळेच अर्धे उपाय फसतात. जड पाण्याचा थेंब वाळला की त्यातले कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार मागे राहतात. हा थर कडक, खरखरीत असतो. दुसरा थर साबणाचा. साबण जड पाण्यातल्या कॅल्शियमशी मिळून न विरघळणारा चिकट पदार्थ बनवतो आणि तो राखाडी, मेणासारखा लागतो. डागावर व्हिनेगरचा थेंब टाकावा: बारीक बुडबुडे आले तर तो क्षार आहे आणि अ‍ॅसिडने जाईल, काहीच झाले नाही तर आधी भांड्यांच्या द्रावणाने तो मेणचट थर काढावा. प्रत्यक्षात दोन्ही एकमेकांवर बसलेले असतात, म्हणून आधी साबण आणि नंतर क्षार हाच क्रम बरा.

क्षारांसाठी साधे व्हिनेगर, किंवा अर्धा लिटर कोमट पाण्यात एक-दोन मोठे चमचे सायट्रिक अ‍ॅसिड, पुरेसे असते. उभ्या पृष्ठभागावर द्रावण टिकत नाही, म्हणून त्यात भिजवलेले फडके नळाभोवती गुंडाळून वीस-तीस मिनिटे ठेवावे आणि नंतर भरपूर धुवावे. शॉवरची चाळणी काढता येत असेल तर द्रावणात बुडवावी. काढता येत नसेल तर प्लास्टिकच्या पिशवीत द्रावण भरून ती शॉवरला बांधावी. नळाच्या तोंडाशी असलेली बारीक जाळी फिरवून काढावी आणि तीही भिजवावी. पाण्याची धार बारीक झाल्याची तक्रार बहुतेक वेळा एवढ्यानेच मिटते. सोनेरी किंवा लॅकरचा मुलामा असलेल्या नळांवर मात्र अ‍ॅसिड नको, आणि संगमरवरावर तर थेंबभरही नको, कारण संगमरवर स्वतःच कॅल्शियम कार्बोनेट आहे. डाग आणि दगड यांत अ‍ॅसिड भेद करत नाही.

खायचा सोडा आणि व्हिनेगर एकत्र ओतून फसफसणारा फेस पाहण्यात मौज आहे, हे मान्य. परंतु दोघे एकमेकांना निष्प्रभ करतात. कार्बन डायऑक्साइड उडून जातो आणि मागे जवळपास साधे खारट पाणी उरते. हवे तर सोड्याने घासावे, धुवावे आणि मग वेगळे व्हिनेगर लावावे.

वास कुठून येतो

सुगंधी वड्या टांगण्याआधी वासाची जात ओळखावी. कुबट वास असेल तर ओले पायपुसणे, दुमडून ठेवलेला टॉवेल आणि प्लास्टिकचा पडदा तपासावा. पडदा वापरानंतर एका बाजूला गोळा करून ठेवला की त्याच्या घड्या कधीच वाळत नाहीत. गटाराचा वास असेल तर बहुतेक वेळा ट्रॅप कोरडा पडलेला असतो. जमिनीतल्या जाळीखालच्या नहाणी ट्रॅपमध्ये सुमारे 50 मिलिमीटर उंचीचे पाणी साठून राहते आणि तेच पाणी गटारातल्या वायूला अडवणारे झाकण असते. पाहुण्यांसाठी राखलेले बाथरूम काही आठवडे वापरले नाही की हे पाणी उडून जाते. एक-दोन मग पाणी ओतून तासाभराने वास गेला, तर निदान पक्के झाले. वरून चमचाभर तेल सोडले तर पाण्याची वाफ हळू होते आणि ते अधिक दिवस टिकते.

रोज वापरात असलेल्या बाथरूममध्येही वास येत असेल तर जाळी उचलून आतली वाटी जागेवर आहे का पाहावे. पाणी लवकर जात नाही म्हणून कोणीतरी ती वाटी काढून ठेवलेली असते, आणि नंतर वासाचे कारण कोणालाच आठवत नाही. वाटी, तिची कड आणि ट्रॅपचा तळ यांत साठलेले केस आणि साबणाचा लगदा हातमोजे घालून काढावा. मोरी तुंबली म्हणून थेट दाहक रसायने ओतण्यापेक्षा हे किळसवाणे पण खात्रीचे आहे. फ्लश करताच दुसऱ्या मोरीतून गुडगुड आवाज येत असेल, तर हवानळी, म्हणजे सांडपाण्याच्या नळांना हवा पुरवणारी नळी, तुंबलेली असण्याची शक्यता आहे. फ्लशच्या वेगाने ट्रॅपमधले पाणी ओढून नेले जाते आणि पाणी ओतून मिळालेला आराम संध्याकाळपर्यंतच टिकतो. ते काम प्लंबरचे.

बेसिनखाली पाहण्याची एक जागा सहज निसटते. बेसिनची लवचीक नळी जमिनीच्या किंवा भिंतीच्या भोकात नुसती खुपसलेली असते आणि नळीभोवतीच्या फटीतून वास वर येतो. रबरी कॉलर बसवली की प्रश्न मिटतो. कमोड हलत असेल, किंवा त्याच्या बुडाशी सांधा तडकलेला असेल, तर तिथूनही वास आणि पाणी दोन्ही येतात.

न दिसणारी गळती

कमोडच्या भांड्यात मागच्या बाजूला सतत ओला, क्षारांचा पट्टा दिसत असेल तर फ्लशच्या टाकीत कोणताही विरघळणारा रंग टाकून अर्धा तास फ्लश न करता थांबावे. भांड्यात रंग उतरला तर तळाची झडप नीट बसत नाही. ती पुसून पाहावी, कडक झाली असेल तर बदलावी. ठिबकणाऱ्या जुन्या नळात वॉशर आणि चौथाई फिरणाऱ्या नळात कार्ट्रिज, म्हणजे आतला पाणी उघड-बंद करणारा भाग, बदलावे लागते. पाण्याचे मीटर असेल तर सगळे नळ बंद करून तासाभराच्या अंतराने दोनदा आकडा पाहणे हा सर्वांत निर्विवाद पुरावा.

ओल थांबल्यावर रूप

एवढे झाले की बाथरूम निम्मे नवे दिसू लागते, आणि मग जे बदलायचे ते नेमके बदलता येते. माझा पहिला कौल उजेडाला. आरशाच्या वरच्या एकाच दिव्याने डोळ्यांखाली आणि हनुवटीखाली सावल्या पडतात. चेहऱ्याच्या उंचीवर दोन्ही बाजूंना दिवे असले की त्या जातात. सुमारे 4000 केल्विनचा पांढरा प्रकाश ना पिवळट वाटतो ना निळसर. बेसिनजवळचा दिवा निदान आयपी 44 दर्जाचा, म्हणजे पाण्याचे शिंतोडे सोसणारा असावा, आणि बाथरूमची वीज 30 मिलिअँपिअरच्या गळतीरोधक स्विचमधून, म्हणजे वीज गळू लागताच पुरवठा तोडणाऱ्या स्विचमधून, येत आहे ना, हे त्याच खेपेत इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्यावे.

आरशाच्या कडा काळ्या पडणे म्हणजे मागच्या चांदीच्या थरापर्यंत ओल पोहोचणे. ते पुसून जात नाही. कडेला पट्टीची चौकट लावून झाकता येते, आणि पुढे तसे होऊ नये म्हणून क्लीनर आरशावर न फवारता फडक्यावर फवारावा, जेणेकरून तो ओघळून खालच्या कडेशी साठणार नाही.

छताला रंग देताना बुरशीवर रंग चढवू नये. ती साफ करून, वाळवून, प्रायमर देऊन मग दमट जागेसाठीचा रंग द्यावा. टाइल्सवर लावायच्या रंगाबद्दल माझे मत थोडे थंड आहे. बेसिनमागच्या भिंतीवर, आधी तेलकटपणा काढून आणि पृष्ठभाग घासून खरखरीत करून लावला तर तो चांगला टिकतो. पण रोज पाणी पडणाऱ्या जमिनीवर त्याचे पापुद्रे निघतात आणि मग ते दृश्य जुन्या टाइल्सपेक्षा वाईट असते. बाटल्या जमिनीवरून आणि कट्ट्यावरून उचलून तळाला भोके असलेल्या टांगत्या जाळीत ठेवल्या, तर प्रत्येक बाटलीखालचे ओले वर्तुळ नाहीसे होते आणि जागाही मोठी वाटते.

जे सोप्या उपायांनी होत नाही तेही सांगायला हवे. जमिनीचा उतार जाळीकडे मीटरमागे एक ते दोन सेंटिमीटर असावा लागतो. मगभर पाणी ओतल्यावर ते उलट दिशेने दाराकडे येत असेल, तर वायपर हा रोजचा तोडगा आहे, दुरुस्ती नव्हे, आणि कधीतरी फरशी उचलावीच लागेल. नाण्याने टकटक केल्यावर एखाद-दुसरी टाइल पोकळ वाजली तर घाबरण्याचे कारण नाही, पण सलग पट्टा पोकळ वाजत असेल आणि सांध्यांतून पांढरी पूड वर येत असेल तर पाणी टाइल्सच्या मागे पोहोचले आहे.

खालच्या घराच्या छतावर डाग आला असेल तर दुरुस्ती करणाऱ्याला बोलावण्याआधी दोन दिवस देऊन हे तपासावे. पहिल्या दिवशी मोरी बंद करून, उंबऱ्याच्या पातळीखालीच राहील इतके, दोन-तीन सेंटिमीटर पाणी जमिनीवर साठवावे, कडेला पेन्सिलने खूण करावी आणि 24 तासांनी पातळी व खालचा डाग दोन्ही पाहावेत. मात्र डाग झपाट्याने वाढत असेल, किंवा खाली दिव्याची जोडणी असेल, तर ही चाचणी स्वतः करू नये. डाग वाढला तर दोष जमिनीच्या जलरोधक थरात किंवा मोरीच्या सांध्यात आहे. वाढला नाही, तर पाणी काढून, सगळे वाळू देऊन, दुसऱ्या दिवशी फक्त भिंतीवर शॉवरची धार सोडावी. मग डाग वाढला तर जमीन फोडायची गरज नसून भिंतीतले सांधे आणि सांडपाण्याचा मार्ग तपासायचा आहे. दोन्ही दिवशी डाग तसाच राहिला आणि मीटरचा आकडा मात्र सरकत असेल, तर भिंतीतल्या दाबाच्या नळीकडे पाहावे.